हातचा राखलेला वेग : संगणकाच्या ठोक्यांचा आणि पाण्याचा इतिहास

१९८४ साली आयबीएमने ‘पीसी एटी’ हा संगणक बाजारात आणला. त्यातला इंटेलचा ८०२८६ प्रोसेसर सेकंदाला ६० लाख ठोक्यांच्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या वेगाने चाले. हा ठोका प्रोसेसरच्या पोटातून येत नसे. मुख्य पाटीवर बसवलेला क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक १२ मेगाहर्ट्झने कंप पावे आणि त्याच्या निम्म्या गतीने प्रोसेसर काम करी. हा स्फटिक सोल्डर केलेला नव्हता. खोबणीत नुसता खोचलेला होता. हे ज्यांच्या ध्यानात आले, त्यांनी तो उपटून १६ मेगाहर्ट्झचा दुसरा स्फटिक तिथे खोचला. संगणक ८ मेगाहर्ट्झने, म्हणजे एक तृतीयांश अधिक वेगाने चालू लागला आणि बहुतेकांच्या टेबलावर तो तसाच बिनतक्रार चालत राहिला.

आयबीएमने यावर जे उत्तर दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या आवृत्तीत संगणक सुरू होताना स्वतःचा वेग मोजू लागला आणि तो ठरल्यापेक्षा जास्त आढळला तर सुरूच होईना. त्यानंतर १९८६ मध्ये कंपनीनेच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला.

ग्राहकाला यंत्रात दडलेला वेग सापडतो, कंपनी त्याला कुलूप लावते आणि काही काळाने तोच वेग किंमत लावून विकते. पुढच्या चाळीस वर्षांत हा तीन अंकी प्रयोग पुन्हा पुन्हा झाला. ‘ओव्हरक्लॉकिंग’, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त ठोक्यांनी प्रोसेसर चालवणे, हा संगणकावर खेळणाऱ्या हौशी मुलांचा उद्योग समजला जातो. तो तसा आहेही. पण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे. बेरीज करताना आपण ‘हातचा एक’ धरतो. व्यवहारात काही गोष्टी ‘हातच्या राखून’ ठेवतो. यंत्र बनवणाराही त्याची सगळी ताकद कधी वापरू देत नाही, काही हातची राखतो. हा हातचा कोणासाठी राखलेला असतो, आणि तो वापरून टाकण्याचा हक्क कोणाचा? ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास हा या प्रश्नाचा इतिहास आहे.

सावधपणाचा हातचा

संगणकाच्या जन्माच्या वेळी हा हातचा निव्वळ सावधपणाचा होता. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या ‘एनियाक’मध्ये जवळजवळ अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. एकेका नळीचे आयुष्य चांगले असले, तरी अठरा हजारांतली एखादी कधीही उडणार आणि सगळे यंत्र थांबणार, अशी भीती जाणत्यांना होती. मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी त्यावर साधा उपाय केला. नळ्या त्यांच्या नेमून दिलेल्या क्षमतेच्या बऱ्याच खाली चालवायच्या. तारेला थोडे कमी व्होल्टेज, थोडा कमी प्रवाह. यंत्र टिकले ते या संयमामुळे. सुमारे दीडशे किलोवॅट वीज खाणाऱ्या त्या खोलीतली उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे होते, पण खरी राखण एकर्ट यांच्या हातच्याने केली.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टीआयएफआरएसी’ १९६० मध्ये काम करू लागला, तोही निर्वात नळ्यांचाच होता. अशा यंत्राभोवती काम करणाऱ्या पिढीला गणन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी वाटणे शक्यच नव्हते. एक आकडा हलवायचा तर थोडी वीज लागते आणि ती वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ट्रान्झिस्टर आले, चिपा आल्या, तरी हा हिशेब बदलला नाही.

घरगुती संगणकाच्या काळात मात्र हातच्याचे स्वरूप बदलले. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. हा विचित्र आकडा कुठून आला? त्यातला इंटेलचा ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी प्रमाणित होता. पण अमेरिकेतल्या रंगीत दूरचित्रवाणीचे संकेत तयार करण्यासाठी संगणकात १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक हवाच होता. एकाच स्फटिकात दोन्ही कामे भागावीत म्हणून त्याला तीनने भागले आणि ४.७७ हाती आले. प्रोसेसरच्या अंगावरचा किंवा माहितीपत्रकातला वेग हा निसर्गाने घालून दिलेला नसतो, तो कोणीतरी काही कारणासाठी ठरवलेला असतो, हे या पहिल्याच उदाहरणातून दिसते.

दुसरे कारण कारखान्यातले. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर शेकडो चिपा एकदम तयार होतात, पण त्या सारख्या निपजत नाहीत. हापूसच्या पेट्या भरताना फळे निवडून प्रत लावतात, तशी प्रत्येक चिप तपासून तिला वेगाची प्रत लावली जाते. उत्पादन सुधारत गेले की जवळजवळ सगळीच फळे पहिल्या प्रतीची निघू लागतात. बाजारात मागणी मात्र स्वस्त मालाचीही असते. मग पहिल्या प्रतीच्या चिपांवर दुसऱ्या प्रतीचा आकडा छापून त्या स्वस्तात विकल्या जातात. हा हातचा सावधपणाचा नसून बाजाराचा असतो, आणि ओव्हरक्लॉकिंगचा सुवर्णकाळ उभा राहिला तो यावरच.

मोठ्या यंत्रांचे पाणी

त्या काळाकडे वळण्याआधी पाण्याची गोष्ट सांगायला हवी, कारण संगणकाला पाण्याने थंड करणे ही हौशी मंडळींची कल्पना नव्हे. १९६० च्या दशकातच आयबीएमच्या ‘सिस्टिम ३६०’ मालिकेतल्या सर्वांत वेगवान यंत्रांत नळातून खेळवलेले थंड पाणी होते. १९८० साली जाहीर झालेल्या ‘३०८१’ मध्ये ही कला कळसाला पोचली. शंभराहून अधिक चिपा एका चौकोनी पेटीत बसवलेल्या, प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबून धरलेला धातूचा एक दट्ट्या, फटींत हेलियम वायू आणि वरच्या झाकणातून वाहणारे पाणी. चिपेची उष्णता दट्ट्यात, दट्ट्याची झाकणात आणि झाकणाची पाण्यात, असा तिचा प्रवास होता.

सेमूर क्रे हे महासंगणकांचे विख्यात रचनाकार. त्यांच्या १९७६ च्या ‘क्रे-१’ मध्ये शीतकपाटातल्यासारखा फ्रिऑन वायू फिरत असे. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर त्यांनी सर्किटच्या पाट्या फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात सरळ बुडवून ठेवल्या. वेग हवा तर तारा आखूड हव्यात. तारा आखूड हव्यात तर सगळे भाग दाटीवाटीने बसवायला हवेत. आणि दाटी झाली की उष्णता कोंडते. म्हणून क्रे यांच्या कामात विजेइतकेच नळकामाला महत्त्व होते.

या गोष्टीचा एक धागा पुण्याला येऊन मिळतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रे कंपनीचा हवा तो महासंगणक भारताला देण्यास अमेरिकेने नकार दिला. हवामान अंदाजासाठी कमी क्षमतेचे एक यंत्र तेवढे मिळाले. १९८८ मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सी-डॅक’ सुरू झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचा मार्ग क्रे यांच्या उलट होता. एकच प्रोसेसर टोकाच्या वेगाने पळवण्याऐवजी बऱ्याच साध्या प्रोसेसरांना काम वाटून द्यायचे. पुढे साऱ्या जगाला याच वाटेने जावे लागले. आणि पुण्याच्या ‘आयसर’मध्ये नंतर बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या यंत्रात पाहिले तर प्रोसेसरांना थेट भिडणारी द्रवाने थंड करण्याची व्यवस्था आहे. पाणी टळत नाही, काही काळ पुढे ढकलता येते एवढेच.

पाणीच का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते. एक लिटर हवेला सव्वा ज्यूलच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. २५० वॅट उष्णता सोडणाऱ्या प्रोसेसरवरून मिनिटाला एक लिटर पाणी वाहवले, तर ते एका फेरीत जेमतेम साडेतीन अंशांनी तापते. पण ती उष्णता शेवटी खोलीच्या हवेतच सोडायची असते. त्यामुळे साध्या पाण्याची व्यवस्था प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. मे महिन्यात खोलीत ३८ अंश असतील तर मोजणी ३८ पासून सुरू होते.

सेलेरॉन आणि शिसपेन्सिल

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर आणला. कंपनीचा महागडा प्रोसेसर होता ‘पेंटियम टू’. आदल्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची जवळची स्मृती, म्हणजे एल-२ कॅश, अजिबात नव्हती आणि तो फारच मंद म्हणून बदनाम झाला होता. ही चूक सुधारताना इंटेलने नव्या सेलेरॉनमध्ये १२८ किलोबाइट कॅश थेट चिपेवरच बसवली. ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. पेंटियम टूची कॅश मोठी होती, पण चिपेबाहेर आणि निम्म्या वेगाने चालणारी होती.

इंटेलने तोवर गुणकाला कुलूप लावले होते. प्रोसेसरचा वेग म्हणजे मुख्य पाटीवरचा मूळ ठोका गुणिले प्रोसेसरचा गुणक. सेलेरॉनमध्ये ६६ मेगाहर्ट्झ गुणिले साडेचार, म्हणजे ३००. गुणक बदलता येत नसे. या कुलपाला एक रास्त कारणही होते. स्वस्त चिपेवरचा आकडा खोडून वरचा आकडा छापायचा आणि ती महाग विकायची, ही फसवणूक त्या काळी बाजारात बोकाळली होती. पण मूळ ठोका मोकळाच होता. नव्या पाट्यांवर तो ६६ वरून १०० करता येई, आणि तैवानच्या ‘एबिट’ कंपनीच्या ‘बीएच-६’ या पाटीवर तर त्यासाठी पेटी उघडण्याचीही गरज नव्हती; पडद्यावरच्या यादीतून आकडा निवडला की झाले. शंभर गुणिले साडेचार, चारशे पन्नास. त्या वेळच्या इंटेलच्या सर्वांत महाग घरगुती प्रोसेसरचा वेगही नेमका ४५० होता.

बहुसंख्य ३००ए या वेगाने चालत, आणि तेही व्होल्टेज न वाढवता किंवा अगदी किंचित वाढवून. ही चिप मुळात सुमारे वीस वॅट उष्णता सोडणारी. दीडपट वेगाने ती तीस वॅटच्या आसपास गेली, तरी बरा पंखा तिला पुरे होई. महिन्याच्या पगारातून सुटे भाग जमवून संगणक जुळवणाऱ्याला, मग तो तैपेईत असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, महागड्या यंत्राची ताकद स्वस्त यंत्राच्या किमतीत मिळण्याची ही संधी होती. ओव्हरक्लॉकिंगची नैतिक बाजू इतकी भक्कम यानंतर कधी राहिली नाही.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी. तिच्या २००० सालच्या ‘थंडरबर्ड’ अॅथलॉन आणि ड्यूरॉन प्रोसेसरांत गुणकाचे कुलूप चिपेच्या पाठीवरच्या काही बारीक तुटक रेघांत होते. त्या रेघा जोडल्या की कुलूप उघडे. त्या जोडायला सोल्डरचीही गरज नव्हती. शिसपेन्सिलीचे ग्राफाइट वीज वाहते. टोकदार, मऊ पेन्सिलीने रेघ ओढली की काम होई. कंपनीचे कुलूप शाळकरी पोराच्या कंपासपेटीतल्या वस्तूने उघडावे, ही घटना त्या काळाचे चित्रच होय.

पण त्याच काळात हातच्याची दुसरी बाजूही दिसली. २००१ साली एका चाचणीत चालू प्रोसेसरवरची उष्णता शोषणारी धातूची जाळी मुद्दाम काढून घेतली गेली. इंटेलच्या पेंटियम फोरने स्वतःचा वेग उतरवला आणि तो रखडत का होईना चालत राहिला. एएमडीच्या अॅथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला. बाजाराने राखलेला हातचा पेन्सिलीने उघडतो. निसर्गाने आखलेली रेघ तशी पुसता येत नाही.

मत्स्यालयाचा पंप

पंख्याची मजल संपली तेव्हा हौशी मंडळी मोठ्या यंत्रांच्या जुन्या युक्तीकडे वळली. साधारण २००० च्या आगेमागे घरोघरी जी पाण्याची व्यवस्था जुळवली गेली, तिचे सुटे भाग भलत्याच दुकानांतून आलेले असत. मत्स्यालयात पाणी फिरवणारा पंप, मोटारीच्या आतली हवा गरम ठेवणारा छोटा रेडिएटर, दवाखान्यातल्यासारख्या पारदर्शक नळ्या, आणि लेथवर कोरून घेतलेला तांब्याचा ठोकळा. ठोकळा प्रोसेसरवर, रेडिएटर पेटीबाहेर, आणि मधे नळ्या.

यात माणसे जे शिकली, ते आजही तितकेच खरे आहे. तांब्याचा ठोकळा आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात असले की बारीक विद्युतघट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजत जाते. जहाजाच्या तळाला जस्ताचे तुकडे लावणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. संगणकवाल्यांनी ते पुन्हा, पैसे मोजून शिकून घेतले. साध्या नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून ऊर्ध्वपातित पाणी हवे. पाण्यात शेवाळ धरते म्हणून त्यात शेवाळनाशक हवे. बर्फाने किंवा शीतयंत्राने पाणी खोलीपेक्षा थंड केले तर नळ्यांवर बाहेरून दव साचते; कोकणातल्या पावसाळी हवेत तर फार लवकर. मोठ्या कंपन्यांनाही हे धडे चुकले नाहीत. अॅपलने २००४ मध्ये द्रवाने थंड होणारा ‘पॉवर मॅक जी-५’ विकला, आणि पुढे त्यातल्या काही यंत्रांतून द्रव गळून नुकसान झाले.

डेन्मार्कच्या ‘एसेटेक’ कंपनीने कारखान्यातच भरून सील केलेली व्यवस्था तयार केली. पंप आणि ठोकळा एकाच तुकड्यात, नळ्या जोडलेल्या, पाणी भरलेले. २००९ मध्ये कोर्सेर कंपनीच्या नावाने ती ‘एच-५०’ म्हणून बाजारात आली आणि वॉटर कूलिंग ही लेथवर जाऊन करायची गोष्ट न राहता दुकानातून आणायची वस्तू झाली.

२००४ चे वळण

आता या इतिहासातला सर्वांत मोठा बदल. १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर वेग वाढतो आणि तेवढ्याच जागेत निर्माण होणारी उष्णता मात्र वाढत नाही. पुढची तीस वर्षे उद्योग या फुकटच्या वाढीवर जगला. पण ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाले तेव्हा ते बंद असतानाही वीज झिरपू देऊ लागले आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले. २००४ च्या मे महिन्यात इंटेलने आपला पुढचा अतिवेगवान प्रोसेसर रद्द केला, आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणण्याचा बेतही सोडून दिला. १९९८ ते २००४ या सहा वर्षांत ४५० मेगाहर्ट्झवरून ३,८०० पर्यंत गेलेली घोडदौड तिथे थबकली. सगळे जण एकाच चिपेवर अनेक प्रोसेसर बसवू लागले.

वेग फुकट मिळेनासा झाल्यावर हातचा मौल्यवान झाला, आणि तो ग्राहकाला सापडण्याआधी कंपन्यांनी स्वतःच मोजायला घेतला. २००८ मध्ये इंटेलने ‘टर्बो बूस्ट’ आणले. थंडावा आणि वीज शिल्लक असेल तर प्रोसेसर आपणहून वेग चढवतो, नसेल तर उतरवतो. २०११ च्या सुरुवातीला आलेल्या पिढीत मूळ ठोक्याचा मार्गही जवळजवळ बंद झाला, आणि गुणक उघडा असलेले प्रोसेसर नावापुढे ‘के’ अक्षर लावून थोड्या जादा किमतीला मिळू लागले. २०१२ मध्ये तर ओव्हरक्लॉकिंग करताना प्रोसेसर जळाला तर बदलून देणारी योजना इंटेलने पैसे घेऊन सुरू केली. ती २०२१ मध्ये बंद झाली. कुलूप, किल्ली आणि विमा, तिन्ही एकाच दुकानात.

विक्रमवीर वेगळ्या वाटेने गेले. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, हेलियम त्याहूनही खाली, उणे २६९ च्या आसपास. २०११ मध्ये एएमडीच्या एका प्रोसेसरने असल्या थंडीत ८.४ गिगाहर्ट्झ गाठले. २०२३ मध्ये इंटेलच्या एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले. बारा वर्षांत अर्ध्या गिगाहर्ट्झच्या थोडीच पुढे मजल. या आकड्यांवरूनही भिंत कुठे आहे ते कळते.

सुरक्षित म्हणजे किती?

आज पाण्याने थंड होणारा संगणक घेऊन खेळ अधिक सफाईने चालावा म्हणून त्याचा वेग वाढवू पाहणाऱ्याला हा इतिहास काय सांगतो?

पहिली गोष्ट, सफाई म्हणजे काय ते आधी ठरवावे लागते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ दाखवायची तर सातच्याही आत. खेळ अडखळतो तो सरासरी कमी पडल्याने नव्हे, मधेच एखाद्या चित्राला दुप्पट-तिप्पट वेळ लागल्याने. तो वेळ अनेकदा प्रोसेसर नव्हे तर चित्रे रंगवणारे ग्राफिक्स कार्ड घेते. आजार कुठे आहे हे न पाहता दिलेले औषध इथेही वायाच जाते.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या हिशेबाची. चालू चिपेची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के चढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळजवळ ३३ टक्के जादा उष्णता. म्हणून जुनी जाणती माणसे आधी व्होल्टेजला हात न लावता वेग एकेका पायरीने चढवत. प्रत्येक पायरीवर यंत्राला तासन्‌तास कष्टाचे काम देत, तापमान पाहत, उत्तरे चुकतात का ते तपासत. चूक दिसली की एक पायरी खाली येत आणि तिथे थांबत. पाणी भरण्याआधी नळ्यांचे सांधे संगणकाला वीज न देता, नुसता पंप फिरवून पाहत. यात शौर्य नाही, पण जळालेले यंत्रही नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स ब्लॅक यांनी चिपेतल्या धातूच्या रेघा का तुटतात याचा हिशेब मांडला. जोरदार विद्युतप्रवाह धातूचे अणू कणाकणाने ढकलत नेतो आणि तापमान वाढले की हे काम झपाट्याने होते. म्हणजे आज सुरळीत चालणारी चिप उद्याही चालेलच असे नाही. जादा व्होल्टेजची किंमत आयुष्यातून वळती होत असते. पाणी उष्णता वाहून नेते, व्होल्टेजचा ताण नाही. वॉटर कूलिंग आहे म्हणून निर्धास्त झालेल्यांची गफलत होते ती नेमकी इथे.

कंपनीने वापरलेला हातचा

या गफलतीत अखेर कोण सापडले, ते या इतिहासाचे सर्वांत ताजे पान आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर टर्बोच्या जोरावर साडेपाच-सहा गिगाहर्ट्झपर्यंत जात आणि २५० वॅटहून अधिक वीज घेत. मुख्य पाट्या बनवणाऱ्यांनी आपली पाटी चाचण्यांत सरस ठरावी म्हणून विजेच्या मर्यादा आणखी सैल ठेवल्या होत्या. ग्राहकाने काहीही न बदलताच यंत्र टोकावर पळत होते. काही महिन्यांनी खेळ मधेच बंद पडू लागले. २०२४ च्या जुलैमध्ये इंटेलने कबूल केले की प्रोसेसरमधल्या नियंत्रक संकेतावलीतल्या चुकीमुळे तो स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, हमी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण ज्या चिपा आतून झिजल्या होत्या त्या दुरुस्तीने बऱ्या होणाऱ्या नव्हत्या. त्या बदलूनच घ्याव्या लागल्या.

चाळीस वर्षे कंपन्या ग्राहकाला सांगत होत्या की नेमून दिलेल्या वेगापलीकडे जाऊ नका, जोखीम तुमची. आता नेमून दिलेला वेगच जोखमीचा निघाला. १९९८ च्या सेलेरॉनमध्ये दीडपट वेगाचा हातचा होता, तो ग्राहकाने वापरला आणि त्याची चिप तरली. २०२३ च्या प्रोसेसरमधला हातचा कंपनीने चाचणीतल्या चार टक्क्यांसाठी आधीच खर्च केला होता, आणि झीज सोसली ग्राहकाच्या चिपेने. यंत्रातला हातचा नफ्यासाठी वापरायचा की टिकण्यासाठी, हा निर्णय यंत्र विकत घेणाऱ्याच्या हाती असायला हवा, असे मला या सगळ्या इतिहासावरून वाटते. निदान तो खर्च झाला आहे की नाही, हे तरी त्याला विकत घेताना कळले पाहिजे.

दुरुस्ती येण्याआधीच्या महिन्यांत खेळणाऱ्या मंडळींनी आपापसांत एक तात्पुरता उपाय काढला होता. गुणक ५५ असेल तर तो ५३ वर आणायचा. वेग किंचित उतरे आणि बऱ्याच जणांचा खेळ मधेच बंद पडेनासा होई. वेग चढवण्यासाठी त्यांच्याच आधीच्या पिढ्यांनी मिळवलेली किल्ली आता उलटी फिरवली जात होती. अठरा हजार नळ्या जपण्यासाठी प्रेस्पर एकर्ट यांनी जे केले होते, तेच ही मुले आपापल्या खोलीत करत होती.